खाडीवरची शिरगणती

मुलुंडला राहायला येऊन मला एकोणीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत ठाण्याची खाडी मी पाहिली ती ऐरोलीच्या पुलावरून, बसच्या खिडकीतून. हिवाळ्यात खाली चिखलात गुलाबी ठिपके दिसले की बसमधली माणसं एका बाजूला वाकतात, कोणीतरी मोबाइल काढतं आणि फोटो निघायच्या आत पूल संपतो.

गेल्या डिसेंबरात आमच्याच इमारतीतल्या, बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनी मला जिन्यात गाठलं. "ताई, जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना आहे. या वर्षी आमच्या गटात माणसं कमी पडतायत. येता का? वही धरायला तरी या." मी शाळेत गणित शिकवते. मोजायचं काम आहे म्हटल्यावर मला जमेल असं वाटलं आणि मी हो म्हणून टाकलं.

आशियाई पाणपक्षी गणना म्हणून हे काम १९८७ पासून चालू आहे. दर जानेवारीत निरनिराळ्या देशांतली माणसं आपापल्या तळ्यावर, खाडीवर, धरणावर जातात आणि दिसतील तेवढे पाणपक्षी मोजतात. जानेवारीच का, हे मी विचारलं. उत्तरेकडून आलेले पक्षी तोवर आपापल्या जागी स्थिरावलेले असतात, फार इकडून तिकडे होत नाहीत. जागा दर वर्षी तीच आणि महिनाही तोच. एका वर्षाच्या आकड्याला फारसा अर्थ नाही, पण त्याच जागेचे वीस वर्षांचे आकडे शेजारी ठेवले की खाडीचं काय चाललंय ते कळायला लागतं. काकांकडे त्यांच्या सगळ्या वर्षांच्या वह्या आहेत, पुठ्ठ्याच्या, दोऱ्याने बांधलेल्या. त्यांनी मला त्या दाखवल्या त्या दिवशीच हे काम आपण नीट करायचं असं मी मनाशी ठरवलं.

गणनेआधी जागा तरी बघून यावी म्हणून एका रविवारी मी एकटीच भांडुप पंपिंग स्टेशनला गेले. द्रुतगती महामार्ग सोडून आत वळलं की गाड्यांचा आवाज हळूहळू मागे पडतो. दोन्ही बाजूंना उंच गवत, मध्येच डबकी, मग मिठागरांचे बांध, मग तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, गच्च भिंत. वास येतो, तो नाकारण्यात अर्थ नाही. शहराचं सांडपाणी याच बाजूला येतं. नऊ-साडेनऊला मी धक्क्यावर पोचले. समोर खाडी काठोकाठ भरलेली, पाण्यावर ऊन असं चमकत होतं की डोळे उघडे ठेवता येत नव्हते. मुलीची दुर्बीण लावली तर काळ्या सावल्यांपलीकडे काही दिसेना. दोन घारी, विजेच्या तारेवर एक खंड्या. रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, नाहीत की काही नाही. तासभर थांबून परत आले. येताना मनात आलं, पेपरात लाख लाख पक्षी म्हणून छापतात ते असतात तरी कुठे?

संध्याकाळी काकांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "आज तिथी काय?"

मला माहीत नव्हतं. ते उठले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर बोट ठेवून म्हणाले, "त्रयोदशी. तेरा पाऊणे?"

पाऊणकीचा पाढा मी आजीकडून ऐकला होता. पावकी, निमकी, पाऊणकी. शाळेतून ते केव्हाच गेलं. तेरा पाऊणे पावणेदहा. "मग पावणेदहाला भरती पुरी," काका म्हणाले. तिथीची पाऊणपट केली की मुंबईच्या किनाऱ्यावर पूर्ण भरती किती वाजता ते निघतं, त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. कोळीवाड्यात हे लहान पोरालाही येतं. अष्टमीला सहा वाजता भरती, बारा वाजता ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा-बाराच्या सुमारास, आणि तेव्हा पाणी चढतंही जास्त, ते उधाण. अष्टमीच्या आसपासची भरती सुस्त, तिला भांग म्हणतात. खाडीच्या आत, भांडुपपर्यंत पाणी पोचायला आणखी थोडा वेळ लागतो, तेवढा हिशोबात धरायचा.

म्हणजे मी गेले ते नेमकी खाडी भरलेली असताना. चिखल सगळा पाण्याखाली होता आणि पक्ष्यांचं ताट तर तो चिखलच. ताट झाकलं गेलं की पक्षी उठतात, मिठागरात, बांधावर, आतल्या डबक्यांवर, पार नेरूळच्या पाणथळींवर जाऊन बसतात आणि पाणी उतरायची वाट बघतात. दुसरी चूक उन्हाची. भांडुपच्या काठावर उभं राहिलं की खाडी पूर्वेला येते. सकाळी सूर्य थेट डोळ्यांत. सकाळी बघायचं तर पलीकडे ऐरोलीच्या बाजूला जावं, इकडून बघायचं तर दुपारनंतर. एकोणीस वर्षं मी या खाडीच्या काठी राहते आणि सूर्य कुठून उगवतो एवढाही विचार मी त्या सकाळी केला नव्हता.

"गणनेचा रविवार संकष्टीचा आहे," काका म्हणाले. "चार पाऊणे तीन. तीनला भरती. आपण बाराला उभे राहायचं."

मधल्या पाच आठवड्यांत त्यांनी मला शिकवलं. पक्षी ओळखणं नंतर, आधी मोजायला. मला वाटलं होतं ते मला येतं. त्यांनी काकूंकडून मसूर मागवली, एक मूठ थाळीत फेकली आणि पाच सेकंदांत थाळीवर पेपर झाकला. "किती?" मी दीडशे म्हटलं. मोजले तर दोनशे त्रेसष्ट निघाले. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, प्रत्येक वेळी मी कमीच सांगत होते. थवा मोठा झाला की माणसाची नजर कमीच धरते, हे बहुतेक सगळ्यांचं होतं म्हणे. उपाय असा: एका कोपऱ्यातले दहा दाणे नेमके मोजायचे. ते दहा थाळीवर केवढी जागा घेतात ते डोळ्यांत भरून घ्यायचं. त्या मापाचे दहा तुकडे म्हणजे शंभर. मग तो शंभराचा तुकडा थव्यावर ठेवत ठेवत पुढे जायचं, जिथे दाटी आहे तिथे तुकडा लहान, जिथे विरळ तिथे मोठा. रोज रात्री जेवण झाल्यावर मी थाळी घेऊन बसायचे. पंधरा दिवसांत माझा अंदाज दहा टक्क्यांच्या आत यायला लागला. शाळेत पाचवीच्या मुलांनाही मी हा खेळ दिला. अंदाज हा गणिताचा भाग आहे हे त्यांना त्यातून जितकं कळलं तितकं माझ्या फळ्यावरून कधी कळलं नसतं.

ओळखीचं काम मात्र अवघड गेलं. मोठे पक्षी सोपे. शेकाट्या एकदा पाहिला की विसरत नाही, काळे पंख, पांढरं पोट आणि त्याखाली त्या लांबलचक लाल-गुलाबी काड्या. उचाट्याची चोच टोकाला वर वळलेली, कोरलची खाली, आणि केवढी लांब! पण चिखलावर सरपटल्यासारखे पळणारे ते चिमणीएवढे भुरे पक्षी, ते सगळे मला एकसारखेच दिसायचे. काका म्हणाले रंग बघू नका, थंडीत सगळे एकाच रंगाचे कपडे घालून येतात. चाल बघा. चिखल्या थोडं धावतो, थांबतो, बघतो, एक टोच मारतो, परत धावतो. तो डोळ्यांनी शिकार करतो. टिलव्याला थांबणं माहीत नाही. मान खाली घालून टोच टोच टोच करत तो पुढे सरकत राहतो, कारण चिखलातलं खाणं तो चोचीनेच चाचपून काढतो. मग पाय बघा. काळे पाय म्हणजे छोटा टिलवा, पिवळट-हिरवट म्हणजे टेमिंकचा. टिम्याचे पाय शेंदरी, आणि जरा जवळ गेलं की आधी तोच ओरडून सगळ्यांना उठवतो.

तिसऱ्या रविवारी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की एकाच हातभर चिखलात चार जातींचे पक्षी भांडण न करता कसे जेवतात. चिखल्याची चोच आखूड, तो वरवरचं वेचतो. टिलवा त्याहून जरा खाली. टिम्याची चोच आणखी खोल जाते. गॉडविट, ज्याला मराठीत मालगुजा म्हणतात, तो तर पोटापर्यंतच्या पाण्यात उभा राहून अख्खी चोच, कधी डोळ्यांपर्यंत डोकंसुद्धा, गाळात घालतो. आणि कोरलची वाकडी चोच खेकड्याच्या बिळात बरोबर उतरते. एकच चिखल, पण आमच्या चाळीसारखा मजल्यामजल्यांनी वाटून घेतलेला.

यातला छोटा टिलवा वजनाला पंचवीस-तीस ग्रॅम. दहा रुपयांची तीन-चार नाणी तळहातावर ठेवा, झालं एवढंच. तो उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रात अंडी घालतो आणि हिवाळा काढायला भांडुपला येतो. हे वाचलं होतं, पण ज्या दिवशी दुर्बिणीतून तो मला पंधरा फुटांवर दिसला, पायाला चिखल लागलेला, वाऱ्याने पाठीची पिसं उलटी झालेली, त्या दिवशी मी खरोखर थोडा वेळ दुर्बीण खाली ठेवली.

गणनेच्या दिवशी आम्ही पाच जण होतो. काका, मी, कॉलेजातली दोन मुलं आणि ठाण्याहून आलेल्या एक ताई. खारफुटी सांभाळणाऱ्या वनखात्याच्या कांदळवन कक्षाची परवानगी गटाने आधीच काढली होती. साडेदहाला महामार्गाशी भेटलो आणि चालायला लागलो. धक्क्याकडे थेट न जाता काकांनी मिठागरांच्या बांधावरून फेरा घ्यायचं ठरवलं, कारण आतल्या डबक्यांतले पक्षीही मोजायचे होते. बांध अरुंद, एका वेळी एकच पाऊल. डबक्यात थापट्या बदकं होती, चोच फावड्यासारखी पाण्यावर ठेवून गोल गोल फिरणारी. तलवार बदकांची एक जोडी. शेकाटे. वंचक तर प्रत्येक कोपऱ्यात, उडेपर्यंत दिसायचाच नाही आणि उडाला की अचानक पांढराशुभ्र. मुलाच्या हातात टिकटिक करणारा काउंटर होता, मी वहीत लिहीत होते. जात, आकडा, वेळ, जागा.

तिवरांत शिरलो तेव्हा एकदम गार वाटलं. जमिनीतून बोटभर उंचीच्या मुळ्या वर आलेल्या, हजारो, जणू कोणी पेन्सिली खोचून ठेवल्यात. ही तिवराची श्वसनमुळं. गाळात हवा नसते म्हणून झाड नाकं वर काढतं. ठाण्याच्या ताईंनी एक पान उलटं करून माझ्यापुढे धरलं आणि म्हणाल्या, "चाटून बघा." जीभ लावली तर मीठ. खारं पाणी पिऊन तिवर जास्तीचं मीठ पानांवाटे बाहेर टाकतं, उन्हात त्याचे कण चमकतात. जरा पुढे पाण्याच्या बाजूला चिपी होती, गोलसर पानांची. पांढऱ्या चिपीला २०२० साली महाराष्ट्राचा राज्य कांदळवृक्ष म्हणून जाहीर केलं, हे मी मुलांना सामान्यज्ञानात शिकवलं होतं. झाड पहिल्यांदा पाहिलं ते या दिवशी.

आणि तिथेच त्या श्वसनमुळ्यांत अडकलेलं प्लॅस्टिक. दुधाच्या पिशव्या, वेफर्सची पाकिटं, देवाचा हार ज्यात घालून विसर्जित केला ती निळी पिशवी गाठीसकट. पिशवी मुळ्यांवर बसली की नाकावर उशी ठेवल्यासारखंच. थोड्या अंतरावर कोणीतरी राडारोडा आणून टाकला होता, विटांचे तुकडे, फुटक्या फरशा, आणि त्याखाली दबलेली झाडं सुकून गेली होती. खारफुटी तोडणं म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या हक्काचं उल्लंघन, असं मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली सांगितलंय. मला तिथे उभं राहून फार राग आला. काका काही बोलले नाहीत. गणनेच्या फॉर्ममध्ये धोके लिहायचा एक रकाना असतो. त्यांनी मला जागा, अंदाजे लांबी-रुंदी आणि वेळ लिहून घ्यायला सांगितली. फोटो काढले. "रागाला आकडा जोडला की तो कागदावर टिकतो," म्हणाले.

बाराला धक्क्यावर पोचलो. पाणी अजून लांब होतं. समोर राखाडी चिखलाचं मैदान, ऊन लागून चकाकणारं, आणि त्याच्या पार टोकाला गुलाबी रेघ. धक्क्याशी एक होडी चिखलात बसलेली, तिच्यात एक म्हातारे नाखवा जाळं नीट करत होते. आमच्याकडे बघून हसले. "काय बाय, पाखरा मोजाला आल्याव का? थांबा. पानी येतंय. पाखरा तुमचे पायाजवल येतील."

मी घाईने जरा पुढे जाऊन बघावं म्हणून धक्क्याच्या कडेने एक पाऊल टाकलं आणि गुडघ्यापर्यंत आत गेले. जितकी ओढावी तितका चिखल घट्ट धरत होता. नाखवांनीच ओरडून सांगितलं, वर ओढू नको, टाच गोल फिरव, चिखलात हवा जाऊ दे. तसं केल्यावर पाय सुटला, बूट आत राहिला. तोही त्यांनीच वल्ह्याने काढून दिला. त्यांचं सारं आयुष्य या खाडीवर गेलेलं. पूर्वी इथे कायकाय मासा मिळायचा ते त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं, चिंबोऱ्या केवढ्या असायच्या ते तळहात पसरून दाखवलं. आता निवटीवर भागवायचं. निवटी म्हणजे तो चिखलावर उड्या मारत चालणारा मासा, डोळे डोक्यावर. बोलता बोलता त्यांनी होडीजवळच बोट दाखवलं. दोन निवट्या समोरासमोर, पाठीवरचे पर उभारून, एकमेकींच्या अंगावर तोंड वासून धावत होत्या. रुपयाच्या नाण्याएवढी चिखलाची थारोळी, तिच्यासाठी.

साडेबारानंतर पाणी खरंच यायला लागलं. ते लाटेसारखं येत नाही. आधी चिखलातल्या बारीक नाळी भरतात, झाडाच्या फांद्यांसारख्या, मग नाळींमधला चिखल एकदम चमकतो आणि बघता बघता तिथे पाणीच असतं. आणि त्या पाण्यापुढे पक्षी सरकत येतात. काकांनी दुर्बीण तिकाटण्यावर लावली. मधल्या उन्हात चिखलावरून हवा थरथरत होती, लांबचं नीट दिसत नव्हतं, त्यामुळे जवळ येईपर्यंत थांबायचं ठरलं.

रोहित आधी मोजले, कारण ते मोठे आणि संथ. तोपर्यंत रोहित म्हणजे एकच पक्षी असं मी धरून चालले होते. दोन आहेत. मोठा रोहित उंच, अंगाने जवळजवळ पांढरा, चोच गुलाबी आणि टोकाला काळी. छोटा रोहित बुटका, रंगाने गडद, चोच लांबून काळीच वाटते इतकी गर्द लाल. आमच्या समोरचे बहुतेक छोटे होते. मान खाली, चोच उलटी, वरची बाजू चिखलाकडे. तसंच पाणी आत ओढायचं, बाहेर टाकायचं, आणि चोचीच्या आतल्या गाळणीत जे शेवाळ अडकेल ते खायचं. निळं-हिरवं शेवाळ. सांडपाण्यातल्या खतामुळे ते इथे मुबलक वाढतं, आणि या शेवाळातल्या रंगद्रव्यानेच त्यांना गुलाबी रंग येतो. सकाळी ज्या वासाला नाक मुरडलं होतं, त्याच सांडपाण्याचं हे एक टोक. मधूनमधून मळकट करडे पक्षी होते, ती पिल्लं. ती गुजरातेत कच्छच्या रणात जन्मली असणार. मुंबईला १९९० च्या दशकापासून रोहित मोठ्या संख्येने येऊ लागले, आधी शिवडीला लोक बघायला जायचे. आता सारी खाडीच त्यांची. २०१५ साली या खाडीचा १६९० हेक्टर भाग अभयारण्य झाला आणि २०२२ साली नांदूर मध्यमेश्वर आणि लोणारनंतर ती महाराष्ट्रातलं तिसरं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली.

छोटे रोहित चारशे दहा, मोठे अठ्ठावीस, पिल्लं वेगळ्या रकान्यात. माझा आणि काकांचा आकडा पंधराने चुकला, म्हणून परत मोजले.

मग लहान पक्षी. पावणेदोनच्या सुमारास चिखलाची जेमतेम एक पट्टी उरली होती, टेनिस कोर्टाएवढी, आणि तिच्यावर पाऊल ठेवायला जागा नाही इतके पक्षी. टिलवे, चिखल्या, बाकदार चोचीचे तुतवार, मागे कमरेएवढ्या पाण्यात मालगुजांची रांग. मी पहिले दहा मोजले. शंभर केले. शंभराचा तुकडा उचलून डावीकडून उजवीकडे ठेवायला लागले. एक, दोन, तीन... मसुरीची थाळी मला लख्ख आठवत होती. सहाव्या शंभरावर होते आणि अख्खी पट्टी उचलली गेली.

आवाज आधी आला. पंखांचा, पावसाची सर पत्र्यावर यावी तसा. थवा एका अंगाने भुरा दिसायचा, वळला की सगळा एकदम पांढरा, परत भुरा. वर दलदली भोवत्या होता, पंख वर धरून संथ तरंगणारा शिकारी. तो काही मारायलाही आला नसावा, नुसता गेला. पण झालेलं सगळं मोजकाम गेलं. मी काकांकडे पाहिलं. ते घड्याळ बघत होते. "बसतील परत. चार मिनिटं द्या."

साडेपाच मिनिटांनी बसले, पण सगळे नाहीत. काही मिठागराकडे गेले, काही पलीकडे. आता पट्टी आणखी लहान झाली होती आणि पक्षी आणखी दाट. आम्ही तिघांनी वेगवेगळं मोजलं, एकमेकांना आकडा न सांगता. मग जातींची विभागणी. टिलवे किती, चिखल्या किती? पुढच्या रांगेतल्यांचे पाय दिसत होते, चाल दिसत होती. मागचे तीनेकशे माना पाठीत खुपसून, एका पायावर उभे राहून झोपले होते. नुसते भुरे गोळे. मी म्हटलं, पुढे जे प्रमाण आहे तेच मागे धरून लिहू या, सत्तर टक्के टिलवे.

"नको," काका म्हणाले. "दिसलं नाही ते लिहायचं नाही. खाली एक रकाना आहे, न ओळखलेले लहान पक्षी. त्यात तीनशे लिहा."

मला ते अपुरं वाटलं. शाळेत प्रश्न सोडून दिलेला पेपर माझ्यासमोर आला की मी मुलांना म्हणते, काहीतरी लिहा, दोन मार्क मिळतील. वहीवर पेन टेकवून मी थोडा वेळ थांबले. मग तीनशे लिहिलं आणि पुढची, जातीचं नाव लिहायची जागा कोरी ठेवली.

अडीचला चिखल संपला. शेवटचे पक्षी आमच्या डोक्यावरून मिठागरांकडे गेले, इतक्या खालून की पंखांचा वारा लागल्यासारखं वाटलं. नाखवांची होडी पाण्यावर उचलली गेली, त्यांनी हात केला आणि निघाले. आम्ही धक्क्यावर बसून डबे उघडले. काकांची संकष्टी, त्यांच्या डब्यात साबुदाण्याची खिचडी, तीही त्यांनी आम्हालाच दिली जास्त. मग परत बांधावरून फेरा, कारण भरतीला आत येऊन बसलेले पक्षीही बघायचे होते. चालणं एकूण नऊ किलोमीटर झालं, ते घरी येऊन पाय ताठल्यावर कळलं.

रात्री साडेआठला काका वही घेऊन गच्चीवर आले. चंद्रोदयाला अजून वेळ होता. काकूंनी पूजेचं ताट कठड्यावर ठेवलं होतं, मोदकांवर झाकण. फॉर्म भरायचा होता. मी बेरजा केल्या. शेकाट्यांपाशी माझा हिशोब अडला: डबक्यावर अकरा वाजता चाळीस, परतताना पुढच्या बांधावर परत बरोबर चाळीस, आणि डबकं त्या वेळी रिकामं. वहीत वेळ आणि जागा लिहिली होती म्हणूनच ते सापडलं. तेच ते चाळीस असणार. काकांनी दुसऱ्या चाळिसावर आडवी रेघ मारली, शेजारी कारण लिहिलं आणि खाली माझी सही घेतली.

न ओळखलेल्यांचा तीनशेचा आकडा तसाच राहिला.

पूर्वेला ऐरोलीच्या दिव्यांवर चंद्र आला तेव्हा नऊ वाजून गेले होते. काका हात जोडून उभे राहिले, काकूंनी अर्घ्य दिलं. मी मनात पाऊणकी म्हटली. चार पाऊणे तीन, तीन आणि सहा नऊ. ओहोटी. टिलवे अंधारातही खातात, पाणी उतरलं की लगेच. मी कठड्यापाशी जाऊन खाडीच्या बाजूला बघत राहिले. काकूंनी मागून हाक मारली, "अगं, मोदक घे, गार होतायत."